कर्ता, करविता आणि जुना पत्ता

ज्या विषयावर आज आम्ही चार शब्द लिहिणार आहोत तो वाचकांस प्रथमदर्शनी रूक्ष, किंबहुना या पृष्ठांवर अस्थानी वाटण्याचा संभव आहे. संकेतस्थळांवरील जुने पत्ते नव्या पत्त्यांकडे वळविण्याचे एक साधन असते. ते साधन अलीकडे मनुष्याच्या हातून निघून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांच्या हाती जाऊ लागले आहे. आणि ते कसे चालवावे हे त्या एजंटांस कळावे म्हणून साधनाची एक माहितीपुस्तिका लिहावी लागते. ही पुस्तिका लिहिणे म्हणजे कारकुनी खटाटोप. त्यात तत्त्वचिंतनास जागा ती कोणती, असे कोणीही विचारील. आमचे म्हणणे असे की, या क्षुल्लक दिसणाऱ्या लेखनात नीतिशास्त्रातील एक जुना प्रश्न नवा वेष घेऊन उभा आहे. जो स्वतः काम करीत नाही, केवळ दुसऱ्याने ते कसे करावे हे लिहून ठेवतो, त्याच्यावर त्या कामाची जबाबदारी किती?

प्रथम पत्ता म्हणजे काय हे पाहू. आम्ही ज्या गावी राहतो त्याचे नावच या बाबतीत बोधप्रद आहे. धामणगाव नावाची गावे वऱ्हाडात एकाहून अधिक आहेत. आमच्याच अमरावती जिल्ह्यात धामणगाव गढी आहे, बुलढाण्यात धामणगाव बढे आहे. १८६७ साली जी. आय. पी. कंपनीचा लोहमार्ग नागपुरास पोहोचला. त्या मार्गावर वर्धा व बडनेरा यांच्या दरम्यान आमचे स्टेशन आहे, आणि यवतमाळास जाणारा उतारू पूर्वी येथेच उतरून पुढे सडकेने जात असे. या धामणगावाच्या नावापुढे 'रेल्वे' हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. तो शोभेसाठी नाही. परक्या माणसाने भलत्याच धामणगावी जाऊ नये एवढ्यासाठी आहे. गावकऱ्यास त्याची गरज पडत नाही. पत्ता हा नेहमी परक्यासाठी असतो, हे त्यातील मर्म. याच जाणिवेतून टपालखात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू केला. ती योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या अधिकाऱ्याची होती, आणि हे गृहस्थ संस्कृतचे कवी होते, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. '४४४७०९' हे सहा अंक पाहून, ज्यास मराठीचे एक अक्षर येत नाही असा टपाल निवडणारा मनुष्यही आमचे पत्र बिनचूक आमच्या थैलीत टाकू शकतो.

परंतु पत्ते बदलतात. बिऱ्हाड हलते, कचेरी नव्या इमारतीत जाते, गावांची नावेसुद्धा पालटतात. बिऱ्हाड हलविलेल्या मनुष्याने टपालकचेरीस कळविले असेल, तर तेथील माणूस लिफाफ्यावरील जुना पत्ता खोडून नवा लिहितो व पत्र पुढे धाडतो. संकेतस्थळांच्या जगात हेच काम जे करते त्यास 'रीडायरेक्ट' म्हणतात. वाचक जुन्या पत्त्यावर आला की संकेतस्थळ त्यास एक आकडा सांगते आणि त्यासोबत नवा पत्ता देते. ३०१ म्हणजे 'कायमचे स्थलांतर झाले'. ३०२ म्हणजे 'तूर्त अन्यत्र आहे, पुढे पुन्हा येथेच विचारा'. काहीच मिळाले नाही तर ४०४. आणि 'येथे होते, ते आता मुद्दाम काढून टाकले आहे' असे सांगावयाचे असेल तर ४१०. हे संकेत गेल्या शतकाच्या अखेरीस, १९९६-९७ च्या सुमारास लेखनिविष्ट झाले व आजही चालू आहेत. आकडे यंत्रासाठी असले तरी प्रत्येक आकडा हे एक विधान आहे. आणि विधान म्हटले की ते खरे असेल किंवा खोटे असेल. परत येणाऱ्याने 'कायमचा गेलो' म्हणून सांगणे हे असत्य आहे. जुनी शंभर पाने नाहीशी करून त्या शंभरांवर येणाऱ्या प्रत्येकास मुकाट्याने मुखपृष्ठावर नेऊन सोडणे हेही, आमच्या मते, असत्यच आहे. कारण त्यात 'तुम्हांस हवे ते येथे आहे' असा भास निर्माण केला जातो. दार उघडून अदबीने आत बसवावयाचे आणि घरमालक वारला हे सांगावयाचे नाही, त्यातला हा प्रकार.

या असत्याची झळ कोणास लागते? जुना पत्ता ज्यांच्यापाशी आहे त्यांस. म्हणजे ग्रंथाच्या तळटिपेवरून येणाऱ्या अभ्यासकास, मित्राने पूर्वी पाठविलेला दुवा जपून ठेवणाऱ्या शेतकऱ्यास, जुन्या परिपत्रकावरून अर्ज शोधणाऱ्या विद्यार्थ्यास. ही मंडळी संकेतस्थळाच्या चालकास अनोळखी असतात आणि वाट चुकली तर बहुधा तक्रारही करीत नाहीत. निमूटपणे परत जातात. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले की, २०१३ साली जी पाने महाजालावर होती त्यांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनंतर मिळेनाशी झाली होती. त्यापूर्वी हार्वर्डच्या विद्वानांनी दाखविले होते की, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या दुव्यांपैकी जवळजवळ निम्मे मूळ मजकुरापर्यंत नेत नाहीत. न्यायनिर्णयाचा आधारच जेथे हरवतो तेथे वाचकाने विश्वास तरी कशावर ठेवावा?

वऱ्हाडच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास हा अनुभव नवा नाही. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत त्यास 'एलिचपूर' भेटते, 'येवतमाळ' भेटते, 'अमरावती' निराळ्याच वर्णांनी लिहिलेली भेटते. एलिचपूर जिल्हा तर १९०५ सालीच अमरावतीत विलीन झाला. एलिचपूर म्हणजेच अचलपूर, हे सांगणारी एक ओळ कोणी तरी कोठे तरी लिहून ठेवली म्हणूनच तो कागद आजच्या माणसास उपयोगी पडतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात 'महाराज' हे पद आले. आता जुन्या पुस्तकातील पहिल्या नावावरून निघालेल्या वाचकास पहिल्यावरून दुसऱ्याकडे व दुसऱ्यावरून तिसऱ्याकडे असे दोनदा हिंडविण्यापेक्षा, दोन्ही जुन्या नावांवरून थेट आजच्या नावाकडे पाठविणे हे शहाणपणाचे. संकेतस्थळांवरील अशा साखळ्याही वेळोवेळी सरळ कराव्या लागतात. नाही तर एखादे दिवशी पहिले दुसऱ्याकडे बोट दाखविते, दुसरे पहिल्याकडे, आणि वाचक त्या दोहोंच्या मध्ये गरगर फिरत राहतो.

येथवरचे काम चांगला कारकून करीत आला आहे. नवी गोष्ट अशी की, ते आता मुखत्याराकडे जात आहे, आणि हा मुखत्यार मनुष्य नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाचा एक खुला संकेत प्रसिद्ध केला. त्यात साधनाने स्वतःचे नाव, आपण काय करतो याचे शब्दांतील वर्णन, आणि आपणांस कोणती माहिती पुरवावी लागते याची यादी सांगावयाची असते. एजंट ते वर्णन वाचतो व त्यावरून साधन केव्हा, कसे वापरावे हे ठरवितो. मालक साध्या भाषेत म्हणतो, 'निरुपयोगी झालेले जुने पत्ते काढून टाक', आणि एजंट यादी उघडून कामास लागतो.

आता कारकून आणि एजंट यांतील भेद पाहा. वीस वर्षे एकाच कचेरीत काढलेल्या कारकुनास जे ठाऊक असते त्यातील फारच थोडे कोठे लिहिलेले असते. 'निरुपयोगी' याचा अर्थ एजंटाने 'गेल्या तीन महिन्यांत ज्यावर कोणी आले नाही ते' असा केला, तर तर्कदृष्ट्या त्यात दोष नाही. पण पीकविम्याच्या अर्जाचा पत्ता माघ-फाल्गुनात कोण उघडणार? त्याची आठवण खरीप आले की होते. परीक्षेच्या निकालाचा पत्ता वर्षातून एक-दोन वेळा गजबजतो आणि बाकी दिवस ओस असतो. कारकुनास हे सांगावे लागत नाही, कारण त्याचा भाऊ शेतकरी असतो आणि मुलगी परीक्षेस बसलेली असते. शिवाय शंका आली तर तो खुर्चीवरून उठून साहेबांस विचारतो. एजंटास भाऊ नाही, मुलगी नाही. आणि 'येथे थांबून विचार' असे कोणी सांगितले नसेल तर तो विचारीलच याची शाश्वती नाही. त्यास कामाविषयी जे कळते त्याचा मोठा भाग त्या पुस्तिकेतून येतो. अतएव कारकुनासाठी लिहिलेली पुस्तिका ही आठवणीस मदत होती. एजंटासाठी लिहिलेली पुस्तिका ही बव्हंशी त्याची आठवणच आहे.

त्यामुळे अशा पुस्तिकेत काय असावे हा प्रश्न शैलीचा राहत नाही. 'या साधनाने नियम बदलता येतो' एवढे वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. बदलताना ते साधन एकच नियम पालटते की सगळी यादी नव्याने लिहिते, हे सांगितले पाहिजे. कारण दुसऱ्या प्रकारात एक नियम सुधारावयास गेलेला एजंट उरलेले पाचशे पुसून मोकळा होईल. पुष्कळ व्यवस्थांत यादी वरून खाली वाचली जाते व जो नियम प्रथम लागू पडेल तो अमलात येतो. म्हणून एखादा व्यापक नियम वर घातला तर खालचे सारे नेमके नियम जागच्या जागी निर्जीव होतात, हेही सांगितले पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणती चूक परत घेता येत नाही हे सांगितले पाहिजे. एखाद्यास 'कायमचे गेलो' असे एकदा सांगितले की त्याचा ब्राउझर ते ध्यानात ठेवतो. उद्या आपण दुरुस्ती केली तरी, ज्यास खोटे सांगितले गेले त्याच्यापर्यंत ती पोहोचेलच असे नाही. तेव्हा कायमचा शब्द देण्यापूर्वी तात्पुरता द्यावा, जुनी यादी जपून ठेवावी, बदल आधी दाखवावा व मग करावा, आणि अमुक ठिकाणी मालकाची संमती घेतल्यावाचून पुढे जाऊ नये, ही वाक्ये पुस्तिकेत असावी लागतात. ज्या लेखकाने ती गाळली त्याने काही खोटे लिहिले नाही हे खरे. पण अर्धे सांगून थांबणे याचाही हिशेब नीतिशास्त्रात द्यावा लागतो.

कोणी म्हणेल, चूक एजंटाने केली. पुस्तिका लिहिणाऱ्याचा त्यात काय संबंध? येथे आमच्या व्याकरणकारांचे स्मरण होते. क्रियेत जो स्वतंत्र असतो त्यास पाणिनीने कर्ता म्हटले आणि क्रिया सिद्धीस नेण्यास जे सर्वाधिक उपयोगी पडते त्यास करण म्हटले, हे सर्वश्रुत आहे. परंतु तो तेथेच थांबला नाही. कर्त्यास जो प्रवृत्त करतो त्यास त्याने हेतु असे नाव दिले, आणि त्यासही कर्ता ही संज्ञा राहील असे स्पष्ट केले. म्हणजे करविता हा कर्तेपणातून सुटत नाही. मराठीत आपण 'आम्ही घर बांधले' असे सहज म्हणतो; म्हणणाऱ्याने विटेस हातही लावलेला नसतो, आणि ते बोलणे कोणास खोटे वाटत नाही. मात्र भिंत कोसळली की तोच गृहस्थ 'गवंड्याने काम बिघडविले' असे म्हणतो. श्रेय घेताना आपण करविते असतो आणि दोष देताना मात्र प्रेक्षक होतो, हा मनुष्यस्वभाव आहे. एजंटांच्या युगात त्यास मोठेच निमित्त मिळाले आहे.

एजंट हा कर्ता की करण, हा वाद विद्वानांनी अवश्य करावा. लेखणीप्रमाणे तो निव्वळ साधन नव्हे. पुढचे पाऊल कोणते टाकावे हे काही अंशी तोच ठरवितो. पण ज्यास आपण जबाबदार म्हणतो त्याच्यापाशी आणखी एक गोष्ट लागते. बिघडलेल्या कामाबद्दल त्याने उत्तर देता आले पाहिजे, आणि त्या उत्तराने त्याचे काही तरी पणास लागले पाहिजे. एजंटाची अब्रू जात नाही, नोकरी जात नाही, रात्रीची झोप उडत नाही. जेथे स्वातंत्र्य आहे पण उत्तरदायित्व नाही तेथे जबाबदारी नाहीशी होत नसून ती करवित्यांकडे परत येते. येथे करविते तिघे आहेत: साधन घडविणारा, पुस्तिका लिहिणारा, आणि आज्ञा देणारा मालक. यांपैकी पुस्तिका लिहिणाऱ्याचे ऋण किती, याचे माप आम्हांस असे वाटते: जे लिहिणाऱ्यास ठाऊक आहे, किंवा ठाऊक असावयास हवे, आणि वाचणाऱ्यास ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही, तेवढ्याचे तो देणे लागतो. याहून अधिक त्याच्यावर लादणे अन्याय होईल. याहून कमी मानणे पळवाट होईल.

हे माप काल्पनिक नाही. रेल्वेच्या गावात राहणाऱ्यास सांधे बदलणे म्हणजे काय हे समजावून द्यावे लागत नाही. तोही गाडीचा रीडायरेक्टच. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात, बहानगा बाजार स्टेशनावर, कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, आणि सांधे मात्र बाजूच्या लूप मार्गाकडे वळलेले होते. त्या मार्गावर मालगाडी उभी होती. तीनशेच्या घरात माणसे प्राणांस मुकली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत, सिग्नलच्या तारांच्या जोडणीत पूर्वी केलेल्या फेरफारातील हयगय आणि फाटकाच्या कामाच्या वेळची हयगय, अशी कारणे निघाली. तारांवरील चिठ्ठ्या चुकीच्या होत्या आणि ती चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आली नाही, हेही पुढे आले. तारेवरची चिठ्ठी ही जगातील सर्वांत लहान माहितीपुस्तिका होय. ती वाचून हात घालणारा कारागीर तिची सत्यता कशी पडताळणार? संकेतस्थळावरील चुकीच्या वळणाने माणूस मरत नाही हे आम्ही जाणतो, आणि दोहोंची बरोबरी करून त्या मृतांच्या दुःखाचा उपमर्द करण्याची आमची इच्छा नाही. पण दोन्ही ठिकाणी विश्वासाची घडण एकच आहे. लिहिणारा निघून गेलेला असतो, त्याचे अक्षर मागे राहते, आणि पुढचा मनुष्य वा यंत्र त्या अक्षरावर भार टाकते.

यावर एक आक्षेप असा येईल की, शब्दांवर इतका भरवसा ठेवणे हाच भोळेपणा आहे. या आक्षेपात तथ्य आहे. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एजंटाने, काहीही फेरफार करू नये अशी स्पष्ट सूचना असताना, एका उद्योजकाचा चालू माहितीसाठा पुसून टाकला. वर तो परत मिळणार नाही असेही सांगितले, आणि वस्तुतः तो मिळाला. तेथे सूचनेची उणीव नव्हती, उणीव कडीची होती. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी प्रयोगाचा साठा व चालू साठा वेगळे ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली. लोहमार्गांनी हा धडा फार पूर्वी घेतला होता. १८५६ साली इंग्लंडात जॉन सॅक्स्बी याने सांधे व सिग्नल एकमेकांशी जखडण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले, आणि पुढे त्यातून अशी यंत्रणा वाढली की सांधे चुकीचे असता सिग्नल पडूच नये. सांधेवाल्याच्या सावधपणावरच सारे सोडावयाचे नाही, हे त्यातील तत्त्व. म्हणून जेथे हानी भरून न येणारी आहे तेथे 'करू नको' असे लिहून थांबू नये. ते करताच येऊ नये अशी कडी घालावी. तथापि कडीने पुस्तिकेचे काम संपत नाही. बहानगा बाजारातही कडी होतीच. चुकीच्या चिठ्ठ्यांनी आणि चुकीच्या जोडणीने तीच फसली. वर सांगितलेल्या संकेतात 'हे साधन केवळ वाचते' किंवा 'हे साधन नाश करू शकते' अशा खुणा साधनावर करण्याची सोय आहे. पण त्या केवळ सूचक आहेत, अपरिचिताकडून आल्या असता त्यांवर विसंबू नये, असे तो संकेतच बजावतो. शेवटी खूण करणाऱ्याच्या प्रामाणिकपणापाशी आपण येऊन ठेपतो.

दुसरा आक्षेप सुसंस्कृत वाचकांच्या मनात येईल. जुन्याचा इतका सोस कशाला? पत्ते मरतात तर मरू द्यावेत. सर्वच जतन करू म्हणणारे घर अडगळीचे होते. हेही आम्हांस मान्य आहे. १९९८ साली महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी चांगला पत्ता बदलू नये असा आग्रह धरला. पण ज्या वस्तूच नाहीशा झाल्या त्यांचे पत्ते चालू ठेवावेत असे कोणीच म्हणत नाही. आमचा आग्रह जतनाचा नसून खरे बोलण्याचा आहे. गेलेल्यास गेला म्हणावे. त्यासाठीच ४१० हा आकडा आहे आणि तो वापरण्यात कमीपणा नाही. एजंटाच्या पुस्तिकेत 'काय काढून टाकावे' याच्या शेजारी 'काढल्यावर येणाऱ्यास काय सांगावे' हे लिहिले असले की आमचे समाधान होईल.

आमच्या शिकलेल्या वर्गास लेखन म्हटले की काव्य, कथा, फार तर निबंध आठवतो. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, यंत्राची पुस्तिका, नियमांच्या यादीतील एक ओळ, यांस आपण लेखन मानीत नाही. म्हणून ती कोणी तरी, कशी तरी लिहितो. यापुढे असल्या ओळी वाचणाऱ्यांत असे वाचक वाढत जाणार आहेत की जे लिहिल्याप्रमाणे तत्काळ कृती करतील. माणूस वाचक चुकीच्या वाक्यापाशी थबकतो, हसतो, शेजाऱ्यास विचारतो. त्या थबकण्यात आजवर आमच्या निष्काळजी लेखनाची पुष्कळशी पापे धुऊन निघाली. ती सवलत आता कमी होत आहे. कोणा अनोळखी माणसाने बांधापाशी उभे राहून विम्याचा जुना पत्ता उघडावा आणि तो योग्य ठिकाणी पोहोचावा, यासाठी कोठे तरी, कोणी तरी एक वाक्य पूर्ण लिहिलेले असले पाहिजे. त्या वाक्याखाली लिहिणाऱ्याची सही नसते, आणि पोहोचलेला मनुष्य त्याचे आभारही मानीत नाही. तरीही ते पूर्ण लिहिणे त्याचे कर्तव्य आहे. कारण करविता तो आहे, आणि पुढे जे घडेल त्याचा तोही कर्ता आहे.